वाचनालयाच्या दारातून घरी गेलेला मेसेज

१. आज दुपारी एक बाई दौलतगंजातल्या आपल्या वाचनालयात आल्या. दारावरच्या नव्या मशीनला त्यांनी कार्ड लावलं.
२. बाई वरच्या खोलीत महिला संस्थेच्या वकीलताईंकडे सल्ल्याला बसल्या.
३. थोड्याच वेळात त्यांचे यजमान खाली दारात उभे होते.

"मेसेज आला, तर घ्यायला आलो," ते हसून मला म्हणाले. "ही तर कधी पुस्तक वाचत नाही. वर काय आहे?"

कॉम्प्युटरचं काम मी बघते, त्यामुळे कारण लगेच सापडलं. आपल्याकडे सभासदत्व अख्ख्या घराचं असतं आणि नंबर कर्त्या पुरुषाचा. कार्ड लावलं की जाणारा मेसेज मशीनवाल्या कंपनीने त्याच नंबरावर जोडलाय. संस्था आणि कंपनी, दोघांशीही करार आपणच केला.

सेक्रेटरीकाका, मी लगेच फोन करून सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "अगं, मुलं पोचली की पालकांना कळतं. लोग खुश हैं. मीटिंगमध्ये बघू."

बाई खाली आल्या आणि कोणाकडे न बघता चपला घालू लागल्या. यजमानांनी त्यांचं कार्ड स्वतःच्या खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "मेसेज दरवेळी येतो ना?"

वकीलताई गुरुवारी पुन्हा बसणार आहेत. हा ग्रुप फक्त समितीचा आहे, ही पोस्ट बाहेर पाठवू नका. मेसेज बंद करू का, याचं उत्तर प्रत्येकाने बुधवारपर्यंत इथेच लिहावं.