हाऊजीचा आकडा

संप विरघळला तरी बाबांची गिरणी काही उघडली नाही. ते रे रोडला एका लाकडाच्या वखारीत वॉचमन लागले आणि मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे.

गणपतीत आमच्या लालबागच्या चाळीत हाऊजी व्हायची. तिसऱ्या मजल्यावरच्यांना आकडे ऐकू येत नाहीत म्हणून दरवर्षी भांडण ठरलेलं. त्या वर्षी बाबांनी मला न विचारता मंडळाला शब्द दिला, आमची बाय दिव्यांचा आकडा करील, गॅलरीतून दिसेल असा.

केला. एका चकतीवर पितळी पट्ट्या बसवल्या, त्यांवर घासणाऱ्या दोन पत्त्या लावल्या, चकतीच्या दांड्याला नॉब जोडला. नॉब एक घर पुढे फिरवला की आकडा एकाने वाढणार, मागे फिरवला की उतरणार. तालमीत एक घर फिरवलं आणि आकडा बारावरून थेट सतरावर. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाय, मशीनलापण बोनस हवाय का?"

पत्ती पट्टीला टेकताना फरशीवर टाकलेल्या ताटासारखी आधी थरथरते. आपण ती थरथर सोडून देतो, सर्किट तीही मोजतं. लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणले. रेझिस्टरमधून ते सावकाश भरतात, त्यामुळे बारीक थरथर आतच जिरते. पहिला कपॅसिटर फार मोठा निघाला. नॉब भरभर फिरवला की खरे आकडेही गिळायचा. मग लहान लावला, पुढे हो की नाही ते ठामपणे सांगणारी एक आयसी बसवली, आणि आकडा शहाण्यासारखा चालू लागला.

हाऊजीच्या दिवशी दुपारी नॉब फिरवते, तर आकडा शून्यावरून हलेना. बाबांच्या शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची पिचकारी. चकती करकरत होती म्हणून त्यांनी सगळीकडे तेल सोडलं होतं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, जन्म काढलेला माणूस. वाजलं की तेल.

"बाबा, पट्ट्यांना तेल चालत नाही, वीज अडते."

"मग आधी सांगायचं ना गो. मी अख्ख्या चाळीला सांगून बसलोय."

त्यांचा चेहरा बघून माझा राग तिथेच संपला. शेजारच्या काकूंकडून स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट आणलं. बाबांनी चकती धरली, मी कापसाने एकेक पट्टी पुसली. दांड्यावरचं तेल मात्र राहू दिलं. नॉब आता लोण्यासारखा फिरत होता.

संध्याकाळी काकूंनी पिशवीत हात घालून पहिली सोंगटी काढली, सत्तेचाळीस. मी नॉब फिरवला. दिवे एकही आकडा न चुकवता चढत गेले आणि सत्तेचाळीसवर थांबले. काकूंनी पुन्हा पिशवीत हात घातला, तर तिसऱ्या मजल्यावरून ओरड आली की जरा दम धरा, तिकीट तरी बघू द्या. म्हणजे भांडण होतंच, फक्त विषय बदलला.

अध्यक्षांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा गंभीरपणे म्हणाले, "मशीन बायचं. ऑइलिंग आमचं."