गालातलं औषध

आचऱ्याच्या हौसाबाईची गरज प्रत्येक घराला कधी ना कधी पडली, पण ती आपल्या उंबऱ्यात दिसू नये, असंच सगळ्यांना वाटे.

एक्कावन्न साली तिचा एकुलता मुलगा बाळा तापाने फणफणला. चार वर्षांचं पोर. भर दुपारी त्याला आकडी आली, दातखीळ बसली. नवरा गलबतावर गेलेला. घाबरलेल्या हौसाबाईने चमच्याच्या दांड्याने दात उचकटले आणि वाटीतला काढा घशात ओतला. पोराला ठसका लागला नि श्वासच अडकला.

"बाळा, उठ रे! आवशीकडे बघ रे!"

मालवणहून डॉक्टर आला तेव्हा अंग थंड पडलं होतं.

"बेशुद्ध माणसाच्या घशात काही ओतू नये, बाई," तो हळूच म्हणाला. "द्यायचंच तर एका बाजूला वळवून, बोटाने गालाच्या आतून थोडं थोडं चोळायचं. तिथली कातडी पातळ असते, औषध तिथूनच अंगात उतरतं."

नवऱ्याने तिला कधी दोष दिला नाही. फक्त जेवताना तो बोलेनासा झाला.

दोन वर्षांनी शेजारच्या सुगंधाची सहा वर्षांची नर्मदा तशीच ताठ पडली. दाजी वैद्यांची मात्रा घेऊन सुगंधा तिचं तोंड उघडू पाहत होती. हौसाबाईने धावत जाऊन तिच्या हातातली वाटी हिसकावली.

"ओतू नको! माझो झील असोच गेलो!"

वाटीतली मात्रा मधात कालवून तिने नर्मदेच्या ओठांआडून बोट गालात सरकवलं. दातांना धक्का न लावता ती चोळत राहिली, थांबली, परत चोळत राहिली. दिवेलागणीला नर्मदेने डोळे उघडले.

त्या दिवसापासून हौसाबाईला बोलावणी येऊ लागली. पण लोक बोलवायचे ते सगळे उपाय थकल्यावर. दहातले आठ रोगी तिच्यासमोरच गेले. मग गाव कुजबुजू लागलं, "हौसाबाय इली म्हणजे माणूस आटापला."

चौसष्ट साली नर्मदेचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी सुगंधा मागीलदारी येऊन उभी राहिली.

"वयनी, तू लग्नाक येव नको हां. व्याही सावंतवाडीचे. कोण कायबाय बोलात."

हौसाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"नाय येवचंय. नर्मदा चेडवाक सुख लागांदे."

सुगंधा रडत परत गेली.

लग्नाच्या दुपारी वरच्या वाडीतला लवू धापा टाकत आला. त्याच्या बापाला अर्धांगाचा झटका आला होता. औषध गिळता येत नव्हतं. हौसाबाईने मधाची कुपी घेतली आणि ती निघाली. लवू पुढे पळाला. अरुंद पाणंदीच्या तोंडाशी वाजंत्री ऐकू आली. नर्मदेची पाठवणी समोरूनच येत होती.

हौसाबाईने पदर तोंडावर ओढला नि ती कुंपणाआड फणसामागे पाठ करून उभी राहिली. वऱ्हाड रेंगाळत चाललं होतं. शेवटचं माणूस वळणाआड गेल्यावरच ती बाहेर आली आणि धावत सुटली.

ती पोचली तेव्हा लवूच्या बापाची मान कलंडली होती.

"उशीर कित्याक केलंस गो?" लवूने विचारलं.

म्हाताऱ्याच्या उशाशी बसून हौसाबाईने त्याचे उघडे ओठ हलकेच मिटले.