गुरुवारची पाच रहस्यं

एटापल्लीच्या पलीकडे रानातल्या एका गावात अठरा ख्रिस्ती घरं आहेत आणि सत्तावीस वर्षं त्या अठरा घरांची जपमाळ बुधरीबाईच्या तोंडून चालत आली होती. फादर महिन्यातून एकदा यायचे, मिस्साची उपासना करून जायचे. बाकीचे दिवस तिचे.

बुधरीबाईला अक्षर येत नव्हतं. ऐन तरुणपणी मलेरियानं नवरा गेला, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातल्या एका केरळी सिस्टरनं तिला ओसरीवर बसवून, पुढ्यात चिंचोक्यांच्या ओळी मांडून माळ शिकवली होती. एक चिंचोका सरकवायचा, एक 'नमो मरिया' म्हणायची. येशू आणि त्याच्या आईच्या आयुष्यातले पंधरा प्रसंग, ज्यांना रहस्यं म्हणतात, तेही तिनं पाठ केले. पाच आनंदाचे, पाच दुःखाचे, पाच गौरवाचे. पदरात मूल नव्हतं, शेत दिराकडे गेलं होतं. माळ मात्र तिची राहिली.

ऑक्टोबर हा माळेचा महिना. चॅपलमधली मरियेची हातभर उंच मूर्ती रोज संध्याकाळी एकेका घरी नेतात आणि तिथं सगळे जमून माळ म्हणतात. कुठल्या दिवशी कुणाचं घर, हेही बुधरीबाईच ठरवायची.

सत्ताविसाव्या वर्षी उन्हाळ्यात यांतल्याच एका घरच्या निकेशचं लग्न झालं आणि उर्वशी नवरी होऊन गावात आली. वरोऱ्याकडची पोरगी, सिस्टरांच्या होस्टेलात राहून बारावी झालेली. आवाज असा की तिनं भजन धरलं की बोलणारे गप्प व्हायचे. ऑक्टोबरातल्या पहिल्याच गुरुवारी बुधरीबाईनं आनंदाची रहस्यं सुरू केली, तशी उर्वशी हळूच म्हणाली, "बाई, आज गुरुवार. प्रकाशाची रहस्यं म्हणतेत आज."

"कोणती?"

"नवी पाच आहेत. गुरुवारची."

बुधरीबाईला ती येत नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते. शेवटी उर्वशीनंच ती म्हटली आणि बुधरीबाईनं सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बाकीच्यांबरोबर 'नमो मरिया'चा उरलेला अर्धा भाग म्हणून माळेला नुसतं उत्तर दिलं.

तेव्हापासून बाया उर्वशीकडून प्रार्थना वहीत उतरवून घेऊ लागल्या. आपला आवाज घोगरा आहे, हे बुधरीबाईला या वयात कळलं. उर्वशीची चूक सापडावी म्हणून ती कान देऊन ऐकायची, आणि चूक सापडायची नाही.

पुढच्या रविवारी फादर आले. मिस्सानंतर त्यांनी उर्वशीला माळेचा इतिहास सांगायला उभं केलं. ती म्हणाली, "जुन्या काळी तिकडं युरोपात मठातले लोक बायबलातली दीडशे स्तोत्रं म्हणत. शेतात राबणाऱ्या माणसाले वाचता येत नव्हतं. मग तो दीडशे वेळा 'हे आमच्या बापा' म्हणे. मोजाले खडे घे, दोरीले गाठी मारे. पुढं त्यात 'नमो मरिया' आली. म्हणून माळेले गरिबाचं स्तोत्रपुस्तक म्हणत. ज्याले अक्षर येत नाई, त्याच्यासाठीच ते होतं."

बुधरीबाईच्या मनात आलं, म्हणजे ही माळ माझ्यासारखीसाठीच. पण हे आपल्याला कळलं ते या पोरीच्या तोंडून, हे लक्षात आलं आणि ती उठून म्हणाली, "दीडशेच होते ना? पंधरा रहस्यं, दहा-दहा मणी, दीडशे भरले. मंग ही पाच वर कशाले?"

लोक हसले. तिला बरं वाटलं.

"दोन हजार दोन साली रोमहून जोडली," उर्वशी म्हणाली. "बाई, आपल्या पंधरात बारा वर्षांचा येशू देवळात सापडते आणि लगेच पुढं मरणाच्या आदल्या राती बागेत रक्ताचा घाम. मधलं त्याचं सारं जगणं कुठी गेलं? ते ह्या पाचात आहे."

फादरांनी मान डोलावली. बुधरीबाई खाली बसली.

चोवीस तारखेला, गुरुवारी, मूर्ती उर्वशीच्या घरी जायची होती. उर्वशीनं अंगण सारवलं, झेंडूचं तोरण बांधलं, सगळ्यांसाठी तांदळाची खीर केली. संध्याकाळी ती आणि निकेश घरीच वाट बघत होते. चॅपलपाशी लोक जमले तेव्हा बुधरीबाई मूर्ती कवेत घेऊन म्हणाली, "उर्वशीकडं आज नाई जमत म्हणे. लटारूभाऊच्या घरी चला."

लटारूचं घर उर्वशीच्या घरापासून तिसरंच. बुधरीबाईनं आनंदाची रहस्यं म्हटली, मोठ्यानं म्हटली. कुणी टोकलं नाही.

सकाळी निकेश डबा घेऊन दारात. "खीर उरली बाई. उर्वशीनं धाडली." एवढंच बोलून तो गेला.

बुधरीबाईनं एक घास घेऊन डबा बाजूला ठेवला. शरम वाटली. तिच्यापाठोपाठ रागही आला, की चांगुलपणातही ही पोरगी वरचढ निघाली. बऱ्याच वेळानं ती उठली, लटारूकडून मूर्ती घेतली आणि उर्वशीच्या दारी गेली. तोरण अजून दाराला होतं. उर्वशी सुपात धान पाखडत होती.

"काल मी खोटं बोलली," बुधरीबाई म्हणाली.

"माहीत आहे. तुमचा आवाज येऊन राह्यला होता. गुरुवारी आनंदाची म्हटली तुम्ही."

"राग नाई आला?"

"आला ना. खीर रागानंच धाडली."

हे ऐकून बुधरीबाईला उगाच हलकं वाटलं. ती उंबऱ्यावरच टेकली. "मी तुह्यावर जळते, पोरी. तुले वाचता येते, गाता येते, घरात माणूस आहे. मले एवढी एक माळच होती."

उर्वशीनं सूप खाली ठेवलं. तिनं मूर्ती घेतली, आत पाटावर ठेवली आणि म्हणाली, "आत या. ती पाच शिकवते."

दोघींनी भर सकाळी माळ म्हटली. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला आणि येशूनं पाण्याचा केला, हे दुसरं रहस्य बुधरीबाईला एका ऐकण्यात पाठ झालं. मांडवात मोहाची दारू संपल्यावर काय गोंधळ होतो, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. येशूचं रूप डोंगरावर पालटलं ते चौथं पाठ व्हायला मात्र चार दिवस लागले. एकतीस तारखेला मूर्ती पुन्हा उर्वशीकडे गेली, आणि मागच्या गुरुवारी आपण खोटं बोललो होतो, हे बुधरीबाईनं सगळ्यांदेखत सांगितलं. बाया बराच वेळ कुजबुजल्या.

आता गुरुवार उर्वशीचा आणि बाकीचे दिवस बुधरीबाईचे, असं दोघींनी ठरवून टाकलं आहे. जळणं गेलं म्हणावं तर तसं नाही. गुरुवारी बुधरीबाई दाराशी बसते, उत्तर देते आणि डोकी मोजते. मागच्या गुरुवारी तेवीस भरले, बुधवारी एकोणीसच होते. गावातला दादाजी गुरुवारी होता, बुधवारी नव्हता. शुक्रवारी सकाळीच ती त्याच्या अंगणात उभी.

"बुधवारी काऊन नाई आले, भाऊ?"