नानांचं शेवटचं कोडं

कळण्याच्या भाकरीचा खरपूस वास आला की चाळीसगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई भाकरी थापायची आणि शाळेत मराठी शिकवणारे माझे वडील, नाना, जेवता जेवता जुन्या नाटकांतली कोडी घालायचे. "राजा भर दरबारात स्वतःच्या बायकोला ओळखत नाही, तरी तो खोटं बोलत नाही. कसं काय?" मी वाट्टेल तेवढे प्रश्न विचारायचे आणि त्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. मी अडले की ते अहिराणीत चिडवायचे, "मंग, हारनी का?" 'हरले' म्हटल्याशिवाय ते उत्तर सांगत नसत, आणि ते मी कधीच म्हटलं नाही. पुढे अर्धांगाच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. धुळ्याच्या दवाखान्यात एका दुपारी ते माझ्याकडे बघत नुसते ओठ हलवत राहिले. मी त्यांचा चालता हात धरला. "नाना, हो असेल तर बोट दाबा. काही सांगायचंय?" त्यांनी बोट घट्ट दाबलं. पाणी हवंय? दुखतंय? आईबद्दल आहे? घरी जायचंय? माझं काही चुकलं? तासभर मी विचारत होते, पण बोट पुन्हा हललं नाही. शेवटी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "हरले, नाना. आता सांगा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवसांनी ते गेले. अजूनही तव्यावर भाकरी उलटताना मला एखादा नवा प्रश्न सुचतो, आणि मी तो विचारते.