दसऱ्याला बदललेली रबरी पट्टी

“साहेब, दोन्ही ड्रायर विकायचेत. उद्या येऊन किंमत सांगता का?”

संगीताताईंचा फोन आला तेव्हा मी शहरात द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. ऐकून सुन्न झालो. देवळ्यात या बाईंनी घराच्या गच्चीवर कांदा वाळवण्यापासून सुरुवात केली होती. या फोनच्या दोन वर्षं आधी एका बंद पडलेल्या कारखान्यातला जुना ड्रायर घेतला. तो बसवून दिला मी. माझा धंदाच तो, ड्रायरचं इन्स्टॉलेशन आणि सर्व्हिस. पहिल्याच ट्रायलला पांढऱ्याशुभ्र, कुरकुरीत चकत्या निघाल्या. मग मसाला कंपनीची कायमची ऑर्डर, चौदा बायांना काम आणि त्या वर्षी दुसरा ड्रायर. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचो. त्यात माझा वाटा जरा मोठाच असायचा.

दुसऱ्या दिवशी देवळा गाठलं. ताईंनी तपकिरी चकत्यांचं घमेलं पुढे ठेवलं.

“दसऱ्यापासून असा माल निघतोय. कंपनीनं तीन लॉट परत केले. चौथाबी परत आला तर ऑर्डर गेली.”

“दोन्ही मशीनचा असाच?”

“दोन्हीचा. सासूबाई म्हणत्यात, नव्या मशीनचा पायगुण बरा नाय, जुनीलाबी घेऊन बुडाली. मला पटत नव्हतं. पण आता लय थकले, साहेब.”

“पायगुण नंतर बघू. आधी जुनीत एक बॅच लावा.”

हीटर ठीक होता. ब्लोअर, म्हणजे गरम हवा ट्रेवरून फिरवणारा पंखा, तोही ठीक. तापमान मात्र वाढवलेलं. “चकत्या वेळेत वाळतच नव्हत्या,” ताई म्हणाल्या. जास्त तापला की कांदा तपकिरी होणारच. पण वाळत का नव्हता? मी दार उघडलं आणि वाफेने माझा चष्मा धुरकट झाला.

वाळवायला नुसती उष्णता पुरत नाही. कांद्यातून निघालेली वाफ बाहेर जावी लागते. त्यासाठी ड्रायरच्या डोक्यावर एक पाइप आणि त्यात झडप असते. मी स्टूलवर चढून पाइपाला हात लावला. थंडगार. म्हणजे वाफ तिथून बाहेर जातच नव्हती.

“ताई, दसऱ्याला मशीनला काय केलं?”

“पूजा. नवीचा मुहूर्तबी तवाच केला. त्याआधी जुनीला धुऊन रंग दिला. तिच्या दाराची रबरी पट्टी फाटली होती, बायांच्या तोंडावर वाफ यायची. चार पाहुणे येणार, म्हणून नवी पट्टी बसवली.”

मी स्टूलवरच बसलो. जुनीची झडप गंजून बंद होती, तीही आजची नाही, कारखान्यातून आली तेव्हापासूनची. दोन वर्षं वाफ त्या फाटक्या पट्टीतून जात होती. नवी मशीन ताईंनी जुनीसारखी हुबेहूब बनवून घेतली होती. पत्राकाम करणाऱ्या फॅब्रिकेटरने इमानेइतबारे बंद झडपेच्या जागी पत्रा वेल्ड केला होता, दाराची पट्टी मात्र धड बसवली होती.

इन्स्टॉलेशनच्या दिवशी झडप तपासणं माझं काम होतं. ट्रायल पहिल्याच फटक्यात पास झाली आणि मी पेढे खाऊन निघून आलो. सांगताना लाज वाटली. पण सांगितलं.

ताईंनी घमेलं बाजूला सरकवलं. “म्हणजे मशीनचा पायगुण बरा हाय. चूक तुमची.”

“माझी.”

“मग चढा परत वर.”

हातोडी आणि ग्राइंडर घेऊन दोन्ही पाइप मोकळे केले, तापमान उतरवलं, नवी बॅच लावली. संध्याकाळी ट्रे बाहेर आला. पांढऱ्या चकत्या. ताईंनी एक तोंडात टाकली, कुरकुरीत वाजली. त्यांनी पदराने डोळे पुसले. कांद्याचं निमित्तही नव्हतं, कांदा केव्हाच वाळलेला होता.

चौथा लॉट पास झाला. कंपनीने ऑर्डर मात्र निम्मी केली. ती पूर्ववत व्हायला वर्ष गेलं. ड्रायर दोन्ही अजून ताईंकडेच आहेत.

हल्ली एखादी मशीन पहिल्याच ट्रायलला पास झाली की मालक पेढे मागवतात. मी स्टूल मागतो.