टेपला एरंडेल

मोतीराम नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये तेलवाला होता. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या बेरिंगांना तेल देण्यात त्याचा जन्म गेला. थेंब द्यायचा, सांडलेला पुसायचा, मग पुढचं यंत्र. जास्त तेल ओतणाऱ्याला तो आळशी म्हणे. काम सुटलं तरी ते मत सुटलं नाही.

म्हणून धाकट्या भावाचा, पंजाबरावाचा टेप त्याने उघडला तेव्हा त्याचं डोकं फिरलं. आत एरंडेल साचलं होतं.

“हे कोनं ओतलं बे?”

“म्या. घर्रघर्र करे. गाडीच्या आसाले नाही का घालत आपण?”

“मंग बैलंही जुंपायचे होते.”

मोतीरामची बायको जनकाबाई हसली नाही. तिचा जीव त्या टेपमधल्या कॅसेटवर टांगला होता. लेक अन्नपूर्णा भिलाईला दिलेली. तिला लिहिता येत नव्हतं. शेजारणीच्या टेपवर बोलून तिने कॅसेट गावातल्या एका रेल्वेवाल्याच्या हाती धाडली होती. इकडे टेपची मोटर अशी गुरगुरायची की पोरीचे अर्धे शब्द खाऊन टाकायची. पंजाबरावाने कान लावला आणि सांगून मोकळा झाला, “आखजीची वाट पाहू नोका म्हणते.”

आखजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. माहेरचा मुऱ्हाळी जाऊन लेकीला घेऊन येतो. मोतीरामनेही ऐकलं. त्याला एवढा ‘नोका’च स्वच्छ ऐकू आला आणि तोच झोंबला. “शहराची हवा लागली तिले. कोनी न्याले जाऊ नोका,” तो म्हणाला. मुऱ्हाळ्याचं नाव घरात निघेना.

जनकाबाई मात्र अडून बसली. “मले माह्या कानानं नीट ऐकू द्या. मंग बसा रुसून.” तिच्यासाठी म्हणून पंजाबरावाने एरंडेल ओतलं. त्यावर गुरगुर तशीच राहिली आणि पोरीचा आवाज रेड्यासारखा जाड, लांबट झाला.

मोतीरामने कंपाउंडरकडून स्पिरिट आणलं. काडीला फडकं गुंडाळून कोपऱ्याकोपऱ्यातलं एरंडेल टिपलं. रबरी पट्टा तेलाने घसरत होता, तो काढून धुतला, सावलीत वाळवला. मग मोटर बोटाने हलवून पाहिली. मोटरला काहीच झालं नव्हतं. तिच्याखालचे रबरी वायसर वाळून फुटले होते आणि ती पत्र्याला घासत होती. तेलाचं इथे कामच नव्हतं.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे त्याने वायसर कापले. पहिले जाड झाले, मोटर तिरकी बसली.

“चालते दादा तेवढं,” पंजाबराव म्हणाला.

“तुले चालते. म्हणूनच हे असं झालं.”

त्याने ते फेकले आणि नवे कापले. चारही सारखे होईस्तोवर कापत राहिला. मोटर बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं. गुरगुर नव्हती. जनकाबाई जवळ सरकली.

“बाबा, आखजीची वाट पाहू नोका. पहिलेच न्याले या. यायनं मले मारलं. उजवा हात वर होत नाही. माय, तू रडू नोको, बाबाले धाड.”

पुढे नुसती कॅसेट फिरत राहिली. जनकाबाईने तोंडाला पदर लावला.

“मले वाटलं...” पंजाबराव पुटपुटला.

“तुले वाटलं. अन् मले पटलं.” मोतीराम म्हणाला. जिनिंगमध्ये लांबून नुसता आवाज ऐकून कोणतं बेरिंग कोरडं आहे ते तो सांगायचा. पोरीचा एक शब्द ऐकून मात्र त्याने कान बंद केले होते. हे त्याला जास्त जाळत होतं, आणि जाळ काढायला समोर भाऊच होता.

“मीही येतो दादा. दोघं असलेले बरे.”

“तू घरीच राह्य. तिथं जावयाचं काय आयकलं अन् काय सांगशील, नेम नाही.”

जनकाबाई भाकरी थापायला बसली. मोतीरामने टेपचं झाकण लावलं. एक स्क्रू कमी होता.

“उघडला तव्हाच हरवला वाटते,” पंजाबराव म्हणाला.

“मी पोरीले घेऊन येईस्तोवर तो सापडला पाह्यजे. घर झाडून काढ.”

पिशवीत धोतर आणि गरम भाकरी कोंबून तो स्टेशनाकडे निघाला. मागे पंजाबराव गुडघ्यांवर बसून खाटेखाली हात फिरवत होता.