जावयाला म्हटलेलं एक 'नको'

आधी तेवढा चहा संपवा, नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. अमेरिकेचं आमंत्रण घरबसल्या कसं घालवावं, हे नाशिक रोडला माझ्याइतकं कुणालाच जमलेलं नाही.

झालं असं, लेक लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयांना घेऊन आली. रोहनराव जन्मापासून अमेरिकेतले. मराठी छान बोलतात, पण सरळ. आढेवेढे हा प्रकार त्यांच्या आईनं शिकवायचा राहून गेला असावा. आम्हा दोघांचे व्हिसे केव्हाच आले होते. लेकीचं घर बघायला हिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. पण आपण होऊन लेकीकडे कसं जाणार? जावयांनी तोंडानं 'या' म्हणायला हवं, एवढंच बाकी होतं.

विषय निघाला तर नीट बोला, असं हिनं मला वसुबारसेपासून बजावलं होतं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, अख्खा जन्म माणसांत काढलाय.

रविवारी सकाळी रोहनराव त्यांच्या कॉलेजची फुटबॉल मॅच लावून बसले. तिकडे शनिवारची रात्र. आपलं फुटबॉल नव्हे हं! ते चेंडू हातात घेऊन पळतात आणि एकमेकांच्या अंगावर पडतात, ते. कॉलेजच्या पोरांची मॅच, पण अख्खं सिन्नर लोटलंय असं वाटावं एवढी गर्दी. मीही चकल्यांचा डबा घेऊन शेजारी बसलो.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. चेंडू लालवाल्यांकडे. त्यांनी तो लांब फेकला आणि आपल्या, म्हणजे जावयांच्या, निळ्या पोरानं मधेच झेलला. मी टाळ्या वाजवतोय तोच पंचांचा पिवळा रुमाल मैदानात पडलेला दिसला. लालवाल्यानं कुणाला तरी धरून ठेवलं होतं. मी खूश! चेंडूही आपला, वर त्यांना दंडही.

"दोन्ही नाही मिळत, बाबा," रोहनराव म्हणाले. दंड घेतला तर तो झेल रद्द. लालवाले दहा यार्ड मागे जातील, पण चेंडू त्यांच्याचकडे राहील. म्हणून ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना विचारतात, दंड हवा की झालं ते राहू द्यायचं? निळ्यांनी दंड नको सांगितला आणि चेंडू ठेवून घेतला.

"आणि नंतर वाटलं की घ्यायला हवा होता, तर?" मी विचारलं.

"एकदाच विचारतात, बाबा. नको म्हणजे नको."

मी हसलो. म्हटलं, काय कोरडी माणसं! आग्रह म्हणून काही नाहीच.

निळे जिंकले. रोहनराव आनंदात माझ्याकडे वळले. "बाबा, आमच्या शेवटच्या मॅचचे दोन जादा पास आहेत माझ्याकडे. तुम्ही आणि आई येता?"

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. हिचे कान इकडे लागलेत, हे मला भिंतीपलीकडून कळत होतं. आणि मी काय म्हणालो?

"छे छे, कशाला उगाच. नको."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पहिलं नको कधी कुणी खरं मानतं का? दुसऱ्यांदा विचारलं की 'बघू' म्हणायचं, तिसऱ्यांदा 'तुम्ही एवढं म्हणताय तर'. मी चकली मोडून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो.

"बरं," रोहनराव म्हणाले आणि फोनवर काहीतरी टाइप केलं. "एक मित्र कधीचा मागत होता. त्यातला एक दिला त्याला."

तेवढ्यात ही बाहेर आली. हातात ओटा पुसायचं पिवळं फडकं होतं, ते तिनं माझ्या पायाशी आपटलं. लेक हसून हसून खालीच बसली. रोहनराव मात्र पंचासारखे ताठ उभे राहिले.

"पेनल्टी बाबांवर. अन्याय आईंवर झालाय, म्हणून आता आईंना विचारायचं. आई, झालं ते राहू द्यायचं की पुन्हा खेळायचं?"

"पुन्हा," ही म्हणाली. "आणि मी येतेय."

बघा! तीस वर्षं हळदीकुंकवाला 'नको, नको' करत दोन-दोन वाट्या खीर संपवणारी बाई, पण इथे एका दमात हो.

गेलो आम्ही दोघंही. पण पास एकच उरला होता. मॅचच्या दिवशी ही निळी टोपी घालून जावयांबरोबर स्टेडियममध्ये, आणि मी टीव्हीपुढे, नाशिक रोडला बसतो तसाच. मनाशी पक्कं केलं, यापुढे कुणी काहीही विचारलं की पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं.

लेक स्वयंपाकघरातून डोकावली. "बाबा, तुम्ही जरा..."

"हो हो," मी म्हणालो.

कालपासूनची भांडी होती.